झोपलं की थांबतं, उठलं की ठणकतं

मागच्या अंकात कंबरेच्या एमआरआयबद्दल लिहिताना मणक्यातून पाणी गळण्याचा विषय ओझरता आला होता. दोनच ओळी होत्या, पण सगळ्यात जास्त पत्रं त्यावरच आली. त्यातली चार इथं घेते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे. अशोक चौकाजवळ राहते, शाळेत शिकवते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास एका पहाटे नळाला पाणी आलं म्हणून पिंप भरत होते. घागर उचलताना पाठीत काहीतरी खटकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून डोकं धरलं. सकाळी अंथरुणात काही नसतं. उठून दहा मिनिटं झाली की डोक्याच्या मागून ओढ लागते, कानाला दडे बसतात, वर्गातला गोंगाट विहिरीतून आल्यासारखा वाटतो. आडवं झालं की पंधरा-वीस मिनिटांत उतरतं. अर्धशिशी झाली, सायनस झालं, चष्म्याचा नंबरही बदलून झाला. साधा एमआरआय नॉर्मल आला. सासूबाई म्हणतात, काम निघालं की हिचं डोकं दुखतं. आता मेंदूचे डॉक्टर म्हणतात मणक्यातून पाणी गळत असेल, कॉन्ट्रास्ट देऊन परत एमआरआय करा, पाठीचाही करा, लागलं तर मायलोग्राम. दुखतं डोकं, मग फोटो पाठीचा कशाला? आणि नॉर्मल आलेला फोटो परत का काढायचा?

उत्तर : ताई, आधी हा अंक सासूबाईंच्या हातात द्या. तुमचं डोकं कामामुळं दुखत नाही, उभं राहिल्यामुळं दुखतं. अंथरुणातून उठून नुसतं खुर्चीत बसून राहिलात तरी ते दुखेलच.

विहिरीतून बादली ओढलेली असेल तर हे लगेच कळेल. भरलेली बादली पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते, पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते. मेंदूचं तसंच आहे. त्याचं वजन १४०० ग्रॅमच्या आसपास, पण तो पाण्यात तरंगत असल्यामुळं आत त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम जाणवतो. हे पाणी सगळं मिळून १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप. शरीर रोज अर्धा लिटर नवीन तयार करतं, जुनं रक्तात मुरतं. मेंदूभोवतीचं आणि मणक्यातलं पाणी एकच आहे, टाकी एक आणि पाइप एक. पाठीत आवरणाला भोक पडलं की वरची पातळी उतरते. आडवं असताना फरक पडत नाही, उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो आणि त्याला धरून ठेवणारी आवरणं आणि शिरा ताणतात. तुम्हाला मागून जाणवते ती हीच ओढ.

शाल्टेनब्रांड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे दुखणं १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं. तेव्हा एमआरआय नव्हता, भोक दिसायचा प्रश्नच नव्हता. परदेशातला हिशेब धरला तर वर्षाला लाखात ४-५ जणांना हे होतं, बायकांना जरा जास्त, चाळिशीच्या आसपास. त्या हिशेबानं आपल्या सोलापुरात दरवर्षी चाळीसेक तरी सापडायला हवेत. माझ्या सेंटरवर सापडतात चार, फार तर पाच. उरलेले अर्धशिशीच्या गोळ्या खात असणार.

आता परत एमआरआय का ते सांगते. कवटी हाडाची पेटी आहे, ती आक्रसत नाही. आतलं पाणी कमी झालं की ती जागा कशानं तरी भरावी लागते, आणि ती रक्तानं भरते. शिरा फुगतात, मेंदूवरच्या जाड आवरणात रक्त वाढतं. साध्या एमआरआयमध्ये हे आवरण नीटसं दिसत नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन, हाताच्या शिरेत दिलं की तेच आवरण सगळ्या बाजूंनी एकसारखी पांढरी किनार काढल्यासारखं उजळतं. एकदा बघितलं की विसरत नाही. (क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत आणा. किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर टेक्निशियनला आधी सांगा.)

त्याशिवाय आम्ही मोजमाप करतो. स्क्रीनवर मेंदूचा मधोमध कापलेला फोटो घ्यायचा, माऊसनं एक टोक इथं, एक टोक तिथं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीच्या वरची पाण्याची जागा ४ मिलिमीटर किंवा कमी भरली, म्हणजे मालदांडी ज्वारीच्या एका दाण्याएवढी उरली, तर मेंदू खाली बसलाय. मेंदूच्या देठापुढची जागा ५ किंवा कमी असली तरी तसंच. अशा सहा गोष्टींना गुण द्यायची स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांची पद्धत आहे, एकूण ९ गुण. ५ किंवा जास्त आले तर गळती सापडायची शक्यता दांडगी, २ किंवा कमी आले तर थोडी. थोडी म्हणजे शून्य नव्हे. गळती असलेल्या पाचांतल्या एकाचा मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊनही नॉर्मल दिसू शकतो. नॉर्मल रिपोर्ट हातात आला म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही.

इथं माझी एक चूक सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी चादरीच्या दुकानातला एक मुलगा आला होता. चिठ्ठीवर एकच शब्द : डोकेदुखी. फोटोत लहान मेंदूचं टोक कवटीच्या भोकातून खाली उतरलेलं दिसलं. मी ‘कियारी’ लिहून मोकळी झाले. कियारी हा जन्मजात दोष आहे, त्याचं ऑपरेशन वेगळं. मुलगा ऑपरेशनसाठी मोठ्या शहरात गेला. तिथल्या सर्जनांचा मला फोन आला : ‘मॅडम, झोपल्यावर याचं काय होतं ते विचारलं होतंत का?’ नव्हतं विचारलं. पाण्याची पातळी उतरून मेंदू खाली सरकला होता आणि मी त्याला जन्मजात ठरवून टाकलं होतं. त्यांनी विचारलं म्हणून त्या मुलाची कवटी वाचली.

तेव्हापासून आमच्या काउंटरवर डोकेदुखीच्या प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारला जातोच. आमची रिसेप्शनिस्ट तो तीन भाषांत विचारते. पूर्व भागातल्या आजींना तेलुगूत ‘पडुकुंटे तग्गुतुंदा?’, अक्कलकोटकडच्या मंडळींना कन्नडमध्ये ‘मलगिदरे कम्मि आगुत्ता?’ आणि बाकीच्यांना ‘झोपल्यावर कमी होतं का?’ उत्तर ‘हो’ आलं की ती चिठ्ठीवर लाल पेनानं गोल करते. तो गोल दिसला की मी फोटो वेगळ्या नजरेनं बघते. तुम्हीही तपासणीला जाल तेव्हा ‘उभं राहिल्यावर दुखतं, झोपल्यावर थांबतं’ एवढं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्याच.

आता पाठीचा फोटो. गळती पाठीत असते म्हणून तो लागतो. मानेपासून कंबरेपर्यंत सगळा मणका घ्यावा लागतो. पाणी पांढरं आणि चरबी काळी दिसेल अशा पद्धतीनं काढलेल्या फोटोंत आवरणाच्या बाहेर पाणी साठलेलं दिसतं का, ते आम्ही बघतो. दिसलं तर गळती नक्की, पण भोक कुठं ते अजून कळत नाही. स्लॅबची ओल स्वयंपाकघरात उतरते आणि भेग असते जिन्याजवळ, त्यातला प्रकार. भोक दोन-तीन मिलिमीटरचं, पाणी मात्र मानेपासून कंबरेपर्यंत पसरलेलं. पुष्कळदा छातीच्या भागात दोन मणक्यांमधल्या चकतीजवळ वाढलेलं हाडाचं टोकदार कुसळ पुढून आवरणात रुतलेलं असतं.

तेवढ्यावर लगेच मायलोग्राम करतातच असं नाही. बरेच डॉक्टर आधी विश्रांती सांगतात, मग ‘ब्लड पॅच’ करतात. तुमच्याच हातातलं रक्त, साधारण २० मिलिलिटर, कंबरेत आवरणाच्या बाहेर सोडायचं. भोक कुठंही असलं तरी काहींना त्यावर बरं वाटतं. नाही वाटलं किंवा परत सुरू झालं, तर मायलोग्राम. त्यात कंबरेत सुईनं पाण्यात डाय, म्हणजे फोटोत पांढरं दिसणारं औषध, सोडतात, टेबल तिरकं करतात आणि डाय पुढं सरकत असतानाच भराभर सिटीचे फोटो घेतात. भोक पुढच्या बाजूला असेल तर पालथं झोपवतात. सगळा खेळ पहिल्या काही सेकंदांचा. उशीर झाला की डाय सगळीकडे पसरते आणि सगळं पांढरंफेक. आधीच गळतंय आणि वर सुई कशाला, ही तुमची भीती बरोबर आहे. सुईच्या भोकातूनही थोडं गळू शकतं. म्हणून सुई बारीक, पेन्सिलच्या टोकासारखी वापरतात. पण जागा कळल्याशिवाय नेमकं भोक बुजवता येत नाही.

सुई घातल्यावर पाण्याचा दाब मोजतील. तो नॉर्मल निघाला तर खचून जाऊ नका. गळती असलेल्या पुष्कळांचा दाब नॉर्मलच असतो.

प्रश्न : मॅडम, बायकोचं सिझर झालं, पाठीत सुई देऊन. चौथ्या दिवसापासून बसलं की डोकं दुखतं, बाळाला पाजायलाही बसता येत नाही. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय करून घेऊ का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, सहसा गरज नसते. इथं भोक कुठं आहे ते आधीच माहीत आहे, भूल दिलेल्या सुईचंच. १८९८ मध्ये आउगुस्ट बिअर या जर्मन सर्जननी पाठीतली भूल स्वतःवर करून बघितली. नंतर ते कित्येक दिवस हेच भोगत होते : उठलं की डोकं, झोपलं की बरं.

पडून राहू द्या, भरपूर पाणी द्या, कॉफी चालते, गोळी डॉक्टर सांगतील ती. (बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची रीत या वेळी तरी गुंडाळून ठेवा.) बहुतेकींचं आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. फारच त्रास असेल तर ज्यांनी भूल दिली त्यांनाच ब्लड पॅचबद्दल विचारा. गॉर्मली या अमेरिकन सर्जननी तो पहिल्यांदा १९६० मध्ये केला, जेमतेम २-३ मिलिलिटर रक्तात.

पण ताप आला, झटका आला, हात-पाय लुळा वाटला, बोलणं अडखळलं, किंवा झोपूनही डोकं थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि तेव्हा एमआरआय शिरांच्या फोटोंसह लागतो.

प्रश्न : यजमान ५२ वर्षांचे. मेंदूच्या एमआरआयमध्ये गळतीची सगळी लक्षणं आहेत म्हणे, दोन्ही बाजूंना थोडं पाणीही साठलंय, डोक्याला मार कधीच लागला नाही. पाठीच्या एमआरआयमध्ये मात्र काहीच नाही. दोनदा ब्लड पॅच केला, आठ-आठ दिवस बरं वाटलं. आता डॉक्टर मोठ्या शहरात पाठवतात. पाठ कोरडी असताना गळतंय कुठं? – एक भगिनी, विजापूर रोड

उत्तर : रस्त्याखालची पाइपलाइन फुटली की बहुतेक वेळा रस्ता ओला होतो आणि जागा सापडते. पण फुटलेलं पाणी शेजारच्या गटारात उतरत असेल तर रस्ता कोरडा ठक्क आणि आपल्या नळाला धार नाही. तुमच्या यजमानांना बहुधा तेच झालंय. मणक्यातलं पाणी मज्जारज्जूच्या नसेजवळून थेट शिरेत जातं, बाहेर साठत नाही, म्हणून पाठीचा एमआरआय कोरडा. हा प्रकार डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडला तोच मुळी २०१४ मध्ये. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात तो नव्हताच.

तो शोधायला मायलोग्राम कुशीवर झोपवून करतात. डाय जड असते, खालच्या बाजूला बसते, म्हणून उजवी कूस वेगळी आणि डावी वेगळी, काही ठिकाणी दोन वेगळ्या दिवशी. एखादी बारीक शीर दोऱ्यासारखी पांढरी उमटते. ती एक शीर शोधायला शेकडो फोटो डोळ्याखालून घालावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत हाडांचं चित्र वजा करून फक्त वाहती डाय दाखवतात. त्यात पेशंट अजिबात हलून चालत नाही, म्हणून बरेचदा पूर्ण भूल देतात. माझ्या सेंटरवर यातलं काही होत नाही. हे रोज करणाऱ्यांकडेच जायचं. डॉक्टर पाठवतात ते बरोबर आहे.

शीर सापडली तर ती ऑपरेशननं बांधतात, सुईनं फायब्रिनचा गोंद सोडतात, किंवा जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन आतून बुजवतात. बुजल्यावर काहींचं दुखणं उलटं फिरतं : आता झोपलं की कपाळ दुखतं, उठलं की बरं. पाण्याचा दाब काही दिवस वाढलेला असतो. उपचार फसला असं समजू नका, पण डॉक्टरांना लगेच कळवा, त्यावर औषध आहे.

मेंदूच्या दोन्ही बाजूंचं पाणी आधी काढायचं म्हणून कुणी घाई केली तर ‘गळती बुजवल्यावर ते आपोआप जाईल का?’ एवढं विचारून घ्या. बरेचदा जातं. यजमान गुंगीत राहू लागले, बोलताना गोंधळू लागले तर मात्र तारखेची वाट बघू नका, रातोरात न्या.

प्रश्न : खाली वाकलं की एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकतं. हेही मणक्याचंच पाणी का? – निवृत्त गिरणी कामगार, वय ६८

उत्तर : काका, पाणी तेच, पण गळती कवटीच्या तळाची असू शकते, मणक्याची नव्हे. हा वेगळा आजार आहे. त्यात धोका डोकेदुखीचा नसतो, नाकातले जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत जाण्याचा असतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. ते आधी पाणी तपासतील, त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन हे मेंदूच्या पाण्यातलं प्रथिन सापडलं तर खात्री. मग कवटीच्या तळाचा बारीक कापांचा सिटी काढतील, हाडातली फट त्यात दिसते. तोवर नाक जोरानं शिंकरू नका. आणि पाणी रुमालावर टिपून नेऊ नका. स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डबीत थेंबथेंब धरून न्या.