लँगॉलेनला जायचंय ना, मग कालवा फुटलाय त्याच्या वरच्या अंगाची बोट घ्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. तुम्ही लिहिलंय की नव्वदच्या दशकात कॉव्हेंट्रीला असताना सुट्टी मिळाली की नॅरोबोट (राहण्याची सोय असलेली लांब, अरुंद बोट) घेऊन कालव्यांवर हिंडायचात, मग बडोद्याला परत आलात आणि सगळं सुटलं. आता सासूबाई, यजमान आणि आठ वर्षांच्या नातवाला घेऊन पुन्हा जायचंय. इंग्लंडातल्या चेशायरमधल्या, बोटी भाड्याने देणाऱ्या एका बोटयार्डातून निघायचं, वेल्समधलं लँगॉलेन गाठायचं आणि पाँटकसल्टेचा जलसेतू, म्हणजे कालवा दरीवरून नेणारा पूल, नातवाला दाखवायचा. यार्डवाले म्हणताहेत, "अनामत भरून ठेवा, रस्त्याचं आम्ही बघून घेऊ." २०१८ मध्ये असंच वाक्य आम्हाला ऐकवलं गेलं होतं, आणि तेही याच जलसेतूच्या बाबतीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टिलर (सुकाणूचा दांडा) उलटा फिरवायचा, समोरून बोट आली की उजवीकडे सरकायचं, लॉकमधून (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कुंडातून) खाली उतरताना सिलपासून, म्हणजे मागच्या दाराखालच्या उंबऱ्यापासून, पुढे राहायचं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पहिल्या तासाभरात हात आपोआप आठवतात. काळजी करायची ती कागदांची.

आधी बातमी, कारण तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच दिसला नाही. २२ डिसेंबर २०२५ ला पहाटे व्हिटचर्चजवळ लँगॉलेन कालव्याचा बांध फुटला. मोठं भगदाड पडलं, बोटी त्यात गेल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आता नकाशा समोर घ्या. व्हिटचर्च हे हर्लस्टन आणि एल्समीअर यांच्या मधे येतं. चेशायरकडून येणारी प्रत्येक बोट हर्लस्टनच्या चार लॉकमधून वर चढते आणि व्हिटचर्चवरूनच पुढे जाते. दुसरी पाण्याची वाट नाही. तुमच्या यार्डाची बोट तुम्हाला जलसेतूपर्यंत नेईल की नाही, हे त्या एकाच जागेवर ठरणार आहे. दुरुस्ती होऊन कालवा बोटींसाठी खुला झाल्याची सूचना स्वतः वाचेपर्यंत तो रस्ता बंद धरून चाला, मग यार्डवाले फोनवर काहीही सांगोत.

आमचं असं झालं. माझे मोठे बंधू लेस्टरला स्थायिक झाले. तरुणपणी आम्ही दोघांनी वडिलांना घेऊन पाँटकसल्टे ओलांडला होता. दादांची पंचाहत्तरी झाली तेव्हा त्यांनी एकच मागितलं, की एकदा परत तिथून बोटीने जायचं. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावरच्या एका यार्डात जानेवारीत बोट ठरवली. मिडलविचहून मिडलविच शाखा या जोडकालव्याने बारब्रिज, तिथून हर्लस्टन, मग वर लँगॉलेन. १६ मार्च २०१८ ला नेमकी मिडलविच शाखाच फुटली. कालव्याचं पाणी खालच्या व्हीलॉक नदीत वाहून गेलं आणि बोटी चिखलात बसल्या. ती शाखा डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, म्हणजे सबंध हंगाम गेला. लॉकच्या झडपा उघड्या राहिल्याने पाणी बांधावरून गेलं, असं कालव्यांची देखरेख करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने तेव्हा सांगितलं होतं. तेव्हा नातवाला विंडलस (झडपा फिरवायची किल्ली) हातात द्याल तेव्हा झडप पूर्ण खाली गेली की नाही हे बघायची सवयही लावा. एवढ्याशा गोष्टीवर मैलोन्‌मैल कालवा अवलंबून असतो.

आम्ही बातमी वाचून लगेच यार्डाच्या ऑफिसला मेल केली. सरळ विचारलं, की लँगॉलेनला जाता येईल का, नसेल तर पैसे परत द्या, नाहीतर दुसरीकडची बोट द्या. उत्तर आलं, "तुमच्या सुट्टीवर काहीही परिणाम होणार नाही." उरलेली रक्कम वेळेवर मागून घेतली. जूनमध्ये आम्ही सामानसुमान घेऊन दारात उभे राहिलो, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने नकाशा उलगडला आणि शांतपणे सांगितलं की लँगॉलेन बंद आहे, तुम्ही चेशायर लॉक्सनी वर जाऊन या. मिडलविच ते किड्सग्रोव्ह हा तीसेक लॉकचा चढ. तिथले लोक त्याला 'हार्टब्रेक हिल' म्हणतात. गुडघे धरलेल्या माणसाला तो चढ आणि तोच उतार, हा त्यांनी दिलेला पर्याय. मार्च ते जून या ऑफिसला सगळं माहीत होतं. मी भांडलो तेव्हा त्यांनी अटींच्या कागदावर बोट ठेवलं: करार बोटीचा आहे, मार्गाचा नाही, बोट दिली की आमची जबाबदारी संपली.

परत आल्यावर पत्रव्यवहार केला. बऱ्याच महिन्यांनी पुढच्या हंगामात वापरायचं सवलतीचं कूपन आलं. बडोद्यात बसून आम्ही त्याचं काय करायचं? इकडच्या प्रवास विम्याच्या ऑफिसनेही हात वर केले. प्रवास रद्द झाला नाही, बोट मिळाली, मग नुकसान कसलं, असं त्यांचं म्हणणं. पैशांचं दुःख कधीच विरलं. राग याचा आहे की ट्रेव्हर आणि लँगॉलेनहून प्रवाशांना जलसेतूवरून फिरवून आणणाऱ्या छोट्या बोटी असतात, आणि तिथे गाडीने एका दिवसात जाऊन येता आलं असतं. काउंटरवरच्या त्या माणसाने एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी दादांची इच्छा पुरी झाली असती. नंतर त्यांचे गुडघे इतके बिघडले की बोटीत चढणं कायमचं बंद झालं.

सगळी यार्डं अशी नसतात, हेही सांगतो. पुष्कळ ठिकाणी घरची माणसंच धंदा चालवतात आणि आपुलकीने वागवतात. पण सांगणारा कितीही गोड बोलला तरी त्याच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नका, हे माझं ठाम मत आहे.

माझा सल्ला असा, की चेशायरची बोट सोडा. एल्समीअर, चर्क किंवा ट्रेव्हर या भागातली बोट घ्या. ही सगळी फुटीच्या वरच्या अंगाला, जलसेतूच्या बाजूला आहेत. सासूबाई बरोबर असताना याहून चांगलं काही नाही. हर्लस्टनकडून आलात तर लँगॉलेनपर्यंत २१ लॉक लागतात, त्यात ग्रिंडली ब्रूकची जिन्यासारखी एकाला एक लागून असलेली तीन. एल्समीअरहून निघालात तर वाटेत फक्त न्यू मार्टनची दोन. बाकी सगळा वेळ बसून बाहेर बघायचं. चर्कचा जलसेतू (१८०१) आणि त्याला लागूनच असलेला बोगदा, मग पाँटकसल्टे, सगळं याच तुकड्यात येतं. त्या बाजूची बोट घेतानाही त्या तुकड्याची सूचना वाचाच. मोठा बांध फुटला की पाण्याचं सगळं गणित बदलतं.

एक गोष्ट विसरला असाल तर आठवण करून देतो. या कालव्याला वाहतं पाणी आहे. लांटिसिलियोजवळच्या हॉर्सशू फॉल्सपाशी डी नदीचं पाणी त्यात घेतात आणि ते हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत जातं. त्यामुळे लँगॉलेनकडे जाताना बोट रेंगाळते, विशेषतः चिंचोळ्या भागात, आणि परतताना झरझर येते. वेळ निम्मा-निम्मा वाटू नका, जाण्याला जास्त ठेवा.

यार्डाला मेलवर, लेखी, एवढंच विचारा: आमच्या तारखांना तुमच्या धक्क्यावरून लँगॉलेनपर्यंत बोट जाईल का, मधेच कालवा बंद झाला तर पूर्ण पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, आणि हे तुमच्या अटींत कुठल्या कलमात आहे. "काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं तर दुसरं यार्ड बघा. आम्हीही लेखी विचारलं होतं, पण कलमाचा नंबर मागितला नव्हता, आणि त्यांच्या मोघम वाक्याला कायद्यात किंमत नव्हती. मी वकील नाही, अनुभवावरून सांगतोय.

तुमच्या वेळची ब्रिटिश वॉटरवेज आता नाही. जुलै २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे, सुमारे २,००० मैल, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. त्यांच्या साइटवर हव्या त्या कालव्याच्या सूचना मेलवर फुकट मागवता येतात. आजच नाव नोंदवा. पण सगळेच कालवे ट्रस्टचे नाहीत. ब्रिजवॉटर कालवा पील कंपनीच्या ताब्यात आहे. २०२५ च्या नववर्षदिनी डनहम मॅसीजवळ त्याचाही बांध फुटला. त्या बाजूला जाणार असाल तर वेगळीकडे चौकशी करावी लागेल. शिवाय २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊस नसल्याने जलाशय आटले आणि कितीतरी कालवे बंद ठेवावे लागले. आपल्या वेळी असं क्वचितच ऐकायला यायचं.

म्हणूनच जुलै नको, मे बघा. आपल्या शाळांना सुट्टी असते, तिकडे जुलैअखेरपासून शाळांच्या सुट्ट्या लागतात आणि भाडी चढतात. मेअखेरीस त्यांची आठवडाभराची मधली सुट्टी असते, तेवढी टाळा. मे महिन्यात उजेडही रात्री नवाच्या सुमारापर्यंत असतो.

व्हिसाचं वेळापत्रक नीट जुळवा. व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. बोटीची उरलेली रक्कम मात्र साधारण सहा-आठ आठवडे आधी द्यावी लागते. मधे उरते ती एवढीशी फट. व्हिसा हातात येईपर्यंत अनामतीपलीकडे एक पौंड देऊ नका. तिकडे कोणी नातेवाईक असतील आणि तेही बोटीवर येणार असतील, तर आरक्षण त्यांच्या नावावर, त्यांच्या तिकडच्या क्रेडिट कार्डाने करा. तिथल्या कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीत कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते. आपल्या इकडच्या कार्डाला ते संरक्षण नाही. आम्हाला हे फार उशिरा कळलं. कलमं बदलतात, तुमच्या वेळी पुन्हा तपासून घ्या.

नातवाबद्दल तुम्ही विचारलंत, आणि घरच्यांना भीती वाटते असंही लिहिलंत. बडोद्यात ती वाटणारच. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट बुडून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. त्यानंतर बोट हा शब्दही आपल्याकडे सहज घेतला जात नाही. तुमच्या घरच्यांना आपला नर्मदेचा काँक्रीटचा, वेगाने वाहणारा कालवा डोळ्यासमोर येत असेल, तर तिकडचे कालवे तसे नाहीत. बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाच्या कमरे-छातीएवढं पाणी. पण लहान मुलाला तेवढंही पुरेसं आहे, आणि लॉकमध्ये तर खोली बरीच असते. त्याच्या मापाचं जॅकेट आरक्षण करतानाच मागा, पहिल्या दिवशी घालून बघा, डेकवर आणि लॉकच्या काठावर ते अंगावरून उतरू देऊ नका. बोट सुरू असताना कडेने चालू देऊ नका.

पाँटकसल्टेवर तर त्याला आतच बसवा. टेलफर्ड आणि जेसप यांनी १८०५ मध्ये पुरा केलेला हा सेतू ३०७ मीटर लांब आणि ३८ मीटर उंच आहे. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला लोखंडी कुंडाची कड संपली की थेट खाली डी नदीचं खोरं. पुढच्या दारातून आजीच्या मांडीवर बसून त्याला सगळं दिसेल. सेतूवर एका वेळी एकाच बोटीची रुंदी मावते, तेव्हा समोरून कोणी येत नाही ना हे पाहूनच आत शिरा.

खाण्याचं थोडक्यात. हिरवा चिवडा, खाखरे, भाकरवडी न्या. पेढे, तूप, श्रीखंड नेऊ नका, आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. बोटीत धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, असे दोन्ही अलार्म असतील. दुसरा एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींना सक्तीचा आहे. फोडणी देताना बाजूची दारं उघडा, पण अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी कधीही काढू नका.

एल्समीअरकडच्या यार्डांकडून उत्तरं आली की त्यांच्या अटींतलं रद्द करण्याचं आणि मार्ग बदलण्याचं कलम इथे उतरवून टाका, पैसे भरायच्या आधी. मी आणि दादा दोघं बसून वाचू. दादा अजूनही ट्रस्टच्या सूचना रोज सकाळी बघतात.