रिस्टेकिंगमध्ये रिस्क न वाढता एकाच इथरवर दोनदा कमाई होते का?

तुम्ही विचारलंय की रिस्टेकिंग म्हणजे नेमकं काय आणि त्यात रिस्क न वाढता डबल कमाई होते हे खरं का. कमाई होते. 'रिस्क न वाढता' हे साफ खोटं आहे, आणि हे मी क्रिप्टोत यायच्या लई आधी घरातच बघितलंय.

स्टेकिंग म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनवरचे व्यवहार तपासायच्या कामासाठी तिचं नाणं, म्हणजे इथर, अडकवून ठेवायचं आणि त्यावर कमाई घ्यायची; तपासणाऱ्यानं घोळ केला तर त्यातलं इथर कापलं जातं, त्याला स्लॅशिंग म्हणतात. तेच अडकवलेलं इथर, किंवा स्टेक केल्याची पावती असलेलं लिडोच्या एसटीइथसारखं टोकन, आयगनलेयर या प्लॅटफॉर्मवर दुसऱ्या सर्व्हिसला तारण म्हणून दाखवायचं, म्हणजे रिस्टेकिंग. बाहेरची माहिती ब्लॉकचेनवर आणणारा ओरॅकल, दोन ब्लॉकचेन जोडणारा ब्रिज, किंवा डेटा सांभाळणारी आयगनडीए, यांना स्वतःचे व्हॅलिडेटर, म्हणजे तपासणारे, शून्यातून गोळा करत बसावं लागत नाही, इथेरियमची पत भाड्यानं मिळते आणि त्याचं भाडं तुम्हाला. काम ऑपरेटर, म्हणजे सर्व्हर चालवणारा, करतो, पण त्यानं घोळ केला तर कापलं जातं तुमचं इथर. आयगनलेयरचे संस्थापक श्रीराम कन्नन यांची ही आयडिया भारीच आहे, त्यात वाद नाही. पण पत भाड्यानं देणं म्हणजे जामीन राहणं.

आमचं गाव औशाजवळ. २०१४ ला आमचे अण्णा एका पतसंस्थेत तिघांना जामीन राहिले, एक भावकीतला, एक दाजींचा मित्र आणि तिसरे स्वतः दाजी. तिन्ही फायलींना त्याच चार एकराच्या सातबाऱ्याची झेरॉक्स. दाजी म्हणले, 'मामा, नुसती सही तर करायची, जमीन कुठं जायलीय?' आई चुलीपाशी बसून एवढंच म्हणली की तिघं एकाच टायमाला बुडाले तर? तिचं कुणी ऐकलं नाही. २०१५ ला पाऊस दगा देऊन गेला, २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिघांचंही सोयाबीन एकाच वर्षी गेलं आणि १०१ ची, म्हणजे सहकार कायद्यातली वसुलीची, नोटीस अण्णांच्या नावानं आली, एकदा नाही, तीनदा. दोन म्हशी विकल्या तरी भागलं नाही, मग विहिरीकडचं दीड एकर गेलं. अण्णा अजून त्या बांधानं जात नाहीत, लांबून वळसा घालून शेतात येतात.

म्हणून मला 'एकाच पैशावर दोन ठिकाणी व्याज' ऐकलं की राग येतो. २४ एप्रिल २०२४ ला रेन्झो या रिस्टेकिंग प्लॅटफॉर्मच्या ईझेडइथ टोकनचं काय झालं बघा. रिस्टेक केलेल्या इथरची पावती म्हणजे ते टोकन, पण तेव्हा ते परत देऊन इथर काढून घ्यायची सोयच चालू नव्हती, त्यामुळं बाहेर पडायचं तर बाजारात विकूनच. सगळे एकदम विकायला धावले आणि युनिस्वॅप या क्रिप्टो बाजारात भाव काही वेळ ७०० डॉलरच्या आसपास गेला, इथर ३००० च्या वर असताना. खालचं इथर जागेवर होतं, तरी त्या पावतीवर कर्ज काढून परत तीच पावती घेतलेले लोक लिक्विडेट झाले, म्हणजे त्यांचं तारण जबरदस्तीनं विकलं गेलं. आई म्हणली तेच, सगळे एकाच टायमाला. इथेरियमचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांनीही मे २०२३ मध्येच लिहिलं होतं की असं काही बुडालं तर इथेरियमची चेनच आपल्याला सोडवायला येईल अशी आशा कुणी धरू नये.

एक राहिलं, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगितली. आयगनलेयरवर स्लॅशिंग एप्रिल २०२५ ला चालू झालं, आणि आता ऑपरेटरला कुठल्या कामाला किती स्टेक हे वेगवेगळं वाटून द्यावं लागतं, म्हणजे तीच झेरॉक्स तीन फायलींना लागत नाही. हे चांगलं केलं. पण इथेरियमचं स्वतःचं स्लॅशिंग आहेच, काँट्रॅक्टच्या, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमच्या, कोडमध्ये बग निघाला तर तो वेगळा, आणि आपल्याकडं क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स, तोटा मात्र कशातच वळता होत नाही.

करायचंच असेल तर ऑपरेटरनं कुठली कामं घेतलीत आणि कशाकशाला कापणार हे वाचून करा, कर्ज काढून तर अजिबात करू नका. हे वाचायचा कंटाळा असेल तर साधं स्टेकिंग बरं.

मागच्या दिवाळीला दाजी मोबाईल पुढं करून मलाच रिस्टेकिंग समजावू लालते. म्हणतात ते दुष्काळानं झालं, सहीनं नाही. दाजी, दुष्काळ आमच्याकडं पहिल्यांदा आला होता का? सही करतानाच तो धरायला पाहिजे होता, आणि त्या दीड एकरातला तुमचा वाटा अजून यायचाय.