वाचक विचारतात : अपडेट झालं आणि स्क्रीन काळी

प्रश्न : नमस्कार सर. आर्णी तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा भाच्यानं लिनक्स मिंट टाकून दिलं. छान चाललं होतं. परवा अपडेट सुरू असतानाच लाइन गेली. आल्यावर पुन्हा अपडेट केलं, ते पूर्णही झालं. पण आता मिंटचा लोगो दिसतो आणि पुढे स्क्रीन काळी. मशीन चौथ्या पिढीचं आय-थ्री, त्यात एनव्हिडियाचं जीटी ७३० कार्ड. दुकानदार म्हणतो लिनक्स काढा, नाही तर नवीन कार्ड घ्या. इकडे हरभऱ्याच्या विम्याचे फॉर्म भरायला लोक बाकावर बसून आहेत. काय करू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी बाकावरच्या लोकांचं पाहू. मशीन सुरू करताच शिफ्ट दाबून ठेवा. नाही जमलं तर एस्केप. मेनू येईल. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन वरचा नाही, खालचा, म्हणजे जुना कर्नेल (लिनक्सचा गाभा) निवडा. बहुतेक मशीन नेहमीसारखं उठेल. फॉर्म भरून घ्या, मग पुढचं वाचा.

विजेवाल्यांची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर क्वचितच येते, पण या खेपेला ते निर्दोष दिसतात. दुसऱ्यांदा अपडेट पूर्ण झालं ना? मग गडबड कार्डाच्या ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची असणार. एनव्हिडियाचा हा जुना ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेरचा, आणि त्याचा मुख्य भाग बंद. आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. नवा कर्नेल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघतो आणि आतली चौकट थोडी हलते. दार तासून पुन्हा बसवावं लागतं, आणि तुमच्या कार्डाचा सुतार गाव सोडून गेला आहे.

कधी गेला, ते तुमचं ७३० कोणतं यावर आहे. एकाच नावानं दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या (हा खोडसाळपणा मला अजून पटलेला नाही). मिंटच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ग्राफिक्सची ओळ पाहा. जीएफ१०८ असेल तर ड्रायव्हर ३९० मालिकेचा, सपोर्ट २०२२ च्या अखेरीस संपला. जीके२०८ असेल तर ४७० मालिका, ती २०२४ मध्ये थांबली. पुढे मिंटवाले आणि मिंट ज्यावर उभं आहे ते उबुंटूवाले ठिगळं लावतात तेवढंच.

२०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं याच कंपनीला भर सभेत मधलं बोट दाखवलं होतं. २०२२ मध्ये कंपनीनं कर्नेलमधला भाग खुला केला खरा, पण ट्युरिंग या नव्या पिढीच्या चिपपासून पुढच्यांसाठी. तुमच्या पदरात काही नाही. ‘नूवो’ नावाचा खुला ड्रायव्हर आहे, बाहेरच्या लोकांनी चिपची वागणूक तपासून-तपासून लिहिलेला. स्क्रीन दाखवतो, पण कार्ड पूर्ण वेगानं पळवत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढला असता, मशीन बंद करून कार्ड उपसलं असतं आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली असती. तुमच्या आय-थ्रीत इंटेलचं ग्राफिक्स आहेच, त्याचा ड्रायव्हर कर्नेलच्या आतच असतो, अपडेटसोबत आपोआप येतो. फॉर्म, सातबारा, पासपोर्ट फोटो यांना कार्डाची गरजच नाही. दुकानदाराला नवीन कार्ड विकायचं आहे, विकू द्या दुसऱ्याला.

प्रश्न : मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कोणतं पाहावं?
– एक पालक, ता. दर्यापूर

उत्तर : तिला थ्रीडी किंवा एआयचं काम नसेल तर इंटेल किंवा एएमडी, डोळे मिटून. एएमडीचा खुला ड्रायव्हर २०१५ पासून कर्नेलमध्ये आहे. एनव्हिडिया लागणारच असेल तर जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स मालिका घ्या. ड्रायव्हर टाकताना सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगेल. तो कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येतो, तिथे पोरं घाईत ‘कंटिन्यू’ दाबतात आणि ड्रायव्हर लागतच नाही. ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड टाकायचा.