सालार भाषेतलं 'आगिने' आणि आपले भाऊबंद

चीनमधल्या सालार लोकांत भावकीला 'आगिने' म्हणतात, तर हा शब्द फारसी 'आगा'वरून आला का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं ओघ उलटा आहे.

सालार ही तुर्की कुळातली, ओघुझ शाखेतली भाषा. बोलणारे मुख्यतः छिंगहाई प्रांतात, पीत नदीकाठच्या श्युन्हुआ भागात. पूर्वज समरकंदकडून पांढरा उंट घेऊन आले, अशी त्यांची आख्यायिका. सालारांत एका बापाच्या मुलांनी वेगळ्या चुली मांडल्या, की त्या सगळ्या घरांचं मिळून एक आगिने. अशी आगिने एकत्र आली की 'कुमसान', म्हणजे मोठं कुळ.

आता फोड पाहा. 'आगा' म्हणजे थोरला भाऊ, 'इनी' म्हणजे धाकटा. 'आगा-इनी' बोलता बोलता झिजून 'आगिने' झालं. किर्गिझ लोक आजही नातलगांना सरळ 'आगा-इनी' म्हणतात. कझाकांचं 'आगायिन' त्याच घरातलं. आपलं 'भाऊबंद' म्हणजे भाऊ आणि बंधू, एकच नातं दोनदा. तुर्की भाषांना थोरला-धाकटा वेगळा केल्याशिवाय चैन पडत नाही.

जोडीतला जुना भिडू 'इनी'. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात क्युल तेगीन या जुन्या तुर्क राजपुत्राचा इ.स. ७३२ चा शिलालेख आहे. त्यात त्याचा थोरला भाऊ, तुर्कांचा राजा बिल्गे खागान, मेलेल्या भावाला 'इनिम', माझा धाकटा, म्हणतो. पण थोरल्यासाठी तिथे 'एची' आहे, 'आगा' नाही! 'आगा'चं मूळ 'आका' हा मंगोल शब्द, असं बरेच अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या मंगोल दरबारातला इतिहासकार रशीदुद्दीन फारसीत मंगोल राजघराण्यातल्या भाऊबंदांना 'आका व इनी' लिहितो. म्हणजे फारसीनेच तो उचलला, पुढे त्याला 'साहेब' असा मान चढला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधला 'आगा' तोच.

गंमत म्हणजे तुर्कस्तानच्या रोजच्या तुर्कीतून 'इनी' गेला. तिथे 'कार्देश', मूळ 'कारिनदाश', म्हणजे एका पोटचे. आपला 'सहोदर' अगदी तसाच बनलाय, आणि कुणी कुणाकडून घेतलेला नाही.

तिबेटी सोयऱ्यांसाठी मात्र 'आगिने' चालत नाही. शेजारच्या तिबेटींशी सालारांचं जुनं नातं, त्याला 'शानी' म्हणतात. तो शब्द तिबेटी आहे: 'शा' म्हणजे मांस, 'न्ये' म्हणजे जवळचं.