वाचकांचे प्रश्न : लहान मुलांसह उन्हाळ्यातले जंगल

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही बेळगावात टिळकवाडीला राहतो. मोठी मुलगी सहा वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला आहे. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी पडली की मुलांना एखादे राष्ट्रीय उद्यान दाखवावे, असे आमच्या मनात आहे. यजमानांचे म्हणणे असे की, जायचेच तर नागरहोळे किंवा बंदीपूरला जाऊ, म्हणजे निदान वाघ तरी दिसेल. सासूबाई बरोबर येणार आहेत. त्यांना गुडघेदुखी आहे, आणि एवढ्या लहान पोरांना ऐन उन्हाळ्यात रानात नेणे हा वेडेपणा आहे, असे त्यांचे ठाम मत आहे. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ताई, यजमानांचा उत्साह आणि सासूबाईंची काळजी, दोन्ही रास्त आहेत, मात्र ठिकाण बदलले तर दोघांचेही समाधान होऊ शकेल असे मला वाटते. नागरहोळे आणि बंदीपूर ही आपल्या राज्याची भूषणे आहेत यात शंका नाही, आणि बंदीपूर तर १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक आहे. पण बेळगावहून तिकडे जायचे म्हणजे ५०० किलोमीटरहून अधिक अंतर, म्हणजेच जाताना एक पूर्ण दिवस आणि येताना दुसरा. तीन वर्षांच्या मुलाला दोन दिवस गाडीत बसवून मधल्या दोन दिवसांत वाघाची वाट पाहायला लावणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. मुले आणखी पाच-सहा वर्षांनी मोठी झाली की अवश्य जावे.

आपल्या दाराशी जे आहे ते आधी पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. खानापूर तालुक्याच्या पलीकडे, दांडेली आणि जोयड्याच्या परिसरात काळी व्याघ्र राखीव क्षेत्र आहे. १९८७ साली घोषित झालेले अणशी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेले दांडेली अभयारण्य या दोहोंना मिळून २००७ साली व्याघ्र राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव देण्यात आले. बेळगावहून खानापूर, नंदगड, हल्याळ या मार्गाने दांडेली सुमारे ९० किलोमीटर आहे. वाटेत नंदगडला संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीजवळ वडाच्या सावलीत गाडी थांबवून मुलांना पाय मोकळे करू द्यावेत. रामनगर-जोयडामार्गे अणशीकडे जाणारा रस्ता अधिक देखणा आहे हे खरे. पण तो वळणावळणाचा आहे आणि लहान मुलांना त्या रस्त्यावर हमखास गाडी लागते. आमच्या घरातील पहिल्या सहलीत माझ्या नातवाला जोयड्याच्या अलीकडे तीन वेळा उलटी झाली होती आणि पोहोचल्यावर तो दिवसभर काही खायला तयार नव्हता. जाताना हल्याळचा सपाट रस्ता घ्यावा आणि अणशीचा बेत मधल्या दिवशी, सकाळच्या गारव्यात, मुलांची पोटे हलकी असताना ठेवावा. उलटीवरचे औषध द्यायचे असेल तर ते मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून, आधीच विचारून घ्यावे.

उन्हाबद्दल एक गोष्ट आपल्याकडील पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि दांडेली त्याहून जवळजवळ पावणेतीनशे मीटर खाली. जंगल म्हणजे थंड हवा, असे समजून आपण जातो आणि तिथे बेळगावपेक्षा जास्त उकाडा आणि घाम अनुभवतो. म्हणून दिवसाचे दोन भाग करावेत. सकाळी सूर्य वर येण्याआधी बाहेर पडावे, दहापर्यंत परतावे, दुपारी सावलीत जेवून सर्वांनी झोपावे आणि चार वाजल्यानंतर पुन्हा निघावे. मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक किंवा आमसुलाचे सरबत देत राहावे. मूल मलूल झाले, ओठ सुकले किंवा पाच-सहा तासांत लघवीला गेले नाही तर त्याला ताबडतोब सावलीत घ्यावे, क्षारसंजीवनीचे पाणी घोट घोट पाजावे आणि लवकर उतार पडला नाही तर डॉक्टर गाठावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो, विजा कडाडतात आणि वाळलेल्या फांद्या मोडून पडतात. अशा वेळी झाडाखाली किंवा तंबूत न थांबता पक्क्या छपराखाली यावे.

आता मुख्य मुद्दा. काळीच्या जंगलात वाघ आहेत, काळे बिबटेही आहेत. पण हे जंगल दाट आणि ओलसर, नागरहोळ्यासारखे उघडे नाही, त्यामुळे ते सहसा दिसत नाहीत. मुलांना वाघाचे वचन देऊन नेऊ नये. त्याऐवजी उन्हाळ्यातच पाहायला मिळते अशी जी गोष्ट या जंगलात आहे, ती दाखवायला न्यावे. ती गोष्ट म्हणजे धनेश (हॉर्नबिल) या मोठ्या चोचीच्या पक्ष्याचे घरटे. कन्नडमध्ये याला मंगट्टे म्हणतात. दांडेलीच्या परिसरात धनेशाच्या चार जाती आढळतात आणि फेब्रुवारी ते मे हा त्यांचा विणीचा काळ असतो. मादी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा, माती, फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून आतून बंद करून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी उभी फट उरते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लाला कित्येक आठवडे अन्न पुरवतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी माझ्या पाच वर्षांच्या नातवाला घेऊन वनखात्याच्या वाटाड्याबरोबर अशाच एका झाडापासून पुष्कळ अंतरावर, झुडपाआड बसलो होतो. प्रथम पंखांचा आवाज आला. तो आवाज जवळ येणाऱ्या आगगाडीसारखा असतो, हे मुलांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे ती दचकत नाहीत. नर फांदीवर उतरला, त्याने मान हलवली आणि घशातून एक लालसर उंबर चोचीच्या टोकावर आणून फटीत धरले. आतून दुसरी चोच पुढे आली आणि तिने ते अलगद घेतले. मग दुसरे, मग तिसरे. नातू बोटांवर मोजत होता. दहा बोटे संपली तेव्हा त्याने माझी बोटे धरली. सव्विसाव्या फळानंतर नर उडून गेला. मधल्या सगळ्या वेळात त्या मुलाने एकदाही पाणी मागितले नाही की मोबाइल मागितला नाही. आपल्या सहा वर्षांच्या मुलीला हे दृश्य दिसले तर ती ते आयुष्यभर विसरणार नाही, असे मला मनापासून वाटते. मात्र घरट्याच्या जवळ जाण्याचा, शिट्टी वाजवण्याचा किंवा फोटोसाठी पुढे सरकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. माणसे जवळ असली की नर घरट्यापाशी उतरत नाही आणि तोपर्यंत आतले दोन जीव उपाशी राहतात.

सासूबाईंना एवढी चाल झेपणार नाही. त्यांच्यासाठी दांडेलीतील वनखात्याचे लाकूड आगार उत्तम आहे. रचून ठेवलेल्या ओंडक्यांच्या आजूबाजूला वड-उंबरांची मोठी झाडे आहेत आणि त्यांच्या फळांवर पहाटे व संध्याकाळी धनेश येतात. घडीची खुर्ची गाडीत टाकावी, आगारात रीतसर विचारून एका सावलीत ती मांडावी. आजीला एक पाऊलही चढावे लागणार नाही आणि धाकट्या नातवाला तिच्या मांडीवर बसून पक्षी दिसतील.

मुक्कामासाठी कुळगी येथे वनखात्याचा निसर्ग तळ आहे. जोयडा तालुक्यातील काही कुणबी कुटुंबेही घरगुती मुक्कामाची सोय करतात. तिथे आपली मराठी आणि त्यांची कोकणी सहज जुळते आणि मुलांना चुलीवरची भाकरी मिळते. बुकिंग करतानाच दोन्ही मुलांची वये स्पष्ट सांगावीत, मोठ्यांची ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. जीपमधून जंगलफेरी एकच घ्यावी, तीही सकाळची. दोन फेऱ्या केल्या की दुसऱ्या फेरीत मुले झोपतात किंवा रडतात.

फेरीनंतरचा वेळ रिकामा वाटला तरी भरू नये. तीन वर्षांच्या मुलाचे जंगल त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर असते. तळाच्या आवारातील कोरड्या, मऊ धुळीत नरसाळ्याच्या आकाराचे लहान लहान खड्डे दिसतील. त्यांच्या तळाशी एक किडा मुंगी घसरून येण्याची वाट पाहत दडलेला असतो आणि मुंगी काठावर आली की खालून धूळ उडवून तिला पाडतो. एवढ्या एका खड्ड्यापाशी आपला मुलगा अर्धा तास बसेल. वर झाडांच्या शेंड्यांवर शेकरू दिसेल, त्याचे काटक्या-पानांचे गोल घरटे दिसेल. करवंदे पिकलेली दिसतील, ती मात्र तोडू देऊ नयेत. राष्ट्रीय उद्यानातले फळ तिथल्या पाखरांचे आहे, आणि आपल्याला खायचीच असतील तर परतताना रस्त्याच्या कडेला बायका द्रोणातून विकतात ती घ्यावीत.

एका गोष्टीत मात्र कोणतीही सूट देऊ नये. काळी नदीच्या पाण्यात मुलांना पाऊलही टाकू देऊ नये. नदीत मगरी आहेत, आणि वर गणेशगुडीजवळ सुपा धरण आहे. वीजनिर्मितीसाठी तिथून पाणी सोडले की खालच्या पात्रातील पातळी बघता बघता वाढते आणि मघाशी कोरडा असलेला खडक पाण्याखाली जातो. नदी काठावरून, उंचावरून, हात धरून पाहावी.

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात रानालगत आहे. मे महिन्यात मुंबईहून भाचरे येणार आहेत आणि त्यांना आम्ही जंगल दाखवणार आहोत. उन्हाळ्यात माकडतापाची भीती असते असे ऐकतो. मुलांना नेणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपण हा प्रश्न विचारला याचे मला फार बरे वाटले, कारण सहलीच्या याद्यांमध्ये टोपी आणि चष्मा असतो, पण गोचिडीचे नाव नसते. कन्नडमध्ये ज्याला मंगन कायिले म्हणतात तो हा आजार १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. तो माकडांमुळे थेट माणसाला होत नाही. जंगलातील गोचिडीच्या चाव्यातून त्याचे विषाणू माणसाच्या शरीरात शिरतात. या गोचिडीची तिळाएवढी पिल्ले कोरड्या महिन्यांत पालापाचोळ्यात सर्वाधिक असतात. तरीही भीती बाळगून घरी बसण्याची गरज नाही. मात्र मुलांना पाचोळ्यात बसू, लोळू किंवा खेळू देऊ नये, मळलेल्या वाटेवरूनच चालावे आणि बसायचे झाल्यास खुर्चीवर किंवा स्वच्छ खडकावर बसावे.

कपडे फिकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, कारण फिकट कापडावर काळा ठिपका चटकन दिसतो. विजारीचे टोक मोज्यांत खोचावे. गोचीड पळवणारे मलम मुलांच्या वयाला कोणते चालेल हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. परतल्यावर आधी मुलांना गरम पाण्याने साबण लावून अंघोळ घालावी आणि कानामागे, मानेवर, काखेत, कमरपट्ट्याच्या जागी, गुडघ्याच्या मागे आणि केसांत बोटे फिरवून पाहावे. अंगावरचे कपडे लगेच गरम पाण्यात टाकावेत. गोचीड चिकटलेली आढळली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, काडी पेटवून चटका देणे हे आपल्याकडचे जुने उपाय करू नयेत. त्याने कातडीला इजा होते आणि गोचीड सुटतेच असे नाही.

सहलीनंतर आठ-दहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, कपाळ दुखणे आणि अंग मोडून येणे अशी लक्षणे दिसली तर घरी गोळी देऊन थांबू नये. डॉक्टरांना, त्यांनी विचारले नाही तरी, आम्ही जंगलात गेलो होतो असे आपण होऊन सांगावे. मुंबईला परतलेल्या भाचरांच्या आईवडिलांनाही हे लिहून द्यावे, कारण तिथल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार सहजी येणार नाही. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा वाघाशिवाय दुसरे काही ऐकायला तयार नाही. अणशीला नेले आणि वाघ दिसला नाही तर तो रुसेल. काय करावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : त्याला एक वही, एक पेन्सिल आणि एक फूटपट्टी द्यावी. वाटाड्याला आधी सांगून ठेवावे की, मुलाला वाघ नको, वाघाच्या खुणा दाखवा. धुळीतील पंज्याचा ठसा, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे आणि वाटेवरची केस मिसळलेली विष्ठा, यांतील जे दिसेल ते त्याने जीपमधून खाली न उतरता वाटाड्याकडून समजून घ्यावे आणि वहीत काढावे. जिथे उतरण्याची परवानगी असेल तिथे फूटपट्टीने मोजावे. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात आणि वाघ-बिबट्याच्या ठशात त्या उमटत नाहीत, कारण चालताना त्यांची नखे आत ओढलेली असतात. हा फरक निघण्यापूर्वी घरच्या मांजराच्या आणि गल्लीतील कुत्र्याच्या पावलांवरून ओल्या मातीत पाहता येतो, तो आठवडाभर आधीच त्याला दाखवावा.