फुलवाला नंतर ठरवा, आधी पॉलिसीचा कागद काढा

एका वाचक तरुणीचं पत्र आहे. चार महिन्यांनी लग्न. तिच्या वाट्याचा खर्च 6 पगारांइतका. (रकमा मी तिच्या मासिक पगाराच्या मापात घेतल्या आहेत, हिशेब पटकन कळतो.) एक फुलवाला ठोक 1 पगार मागतो, त्यातले 80 टक्के आगाऊ. दुसरा दीड पगार मागतो, पण कमान, टेबलं, गुच्छ, मजुरी असं सगळं वेगळं लिहून देतो. कोणाला काम द्यावं? शेवटी जाता जाता लिहिलंय : 'पैशांची अडचण नाही. 3 वर्षांपूर्वी बँकेतल्या ओळखीच्या माणसाने 15 वर्षांची पॉलिसी काढून दिली, वर्षाला 2 पगार हप्ता. तिसऱ्या वर्षानंतर कधीही मोडता येते म्हणाले. 6 चे 7 झाले असतील, तेच लग्नाला. बँकेतले 3 पगार राखीव आहेत.'

फुलांचं थोडं थांबू द्या. 6 चे 7 कोणी सांगितले? पॉलिसी मोडता येते हे खरं, किती हातात येतं ते मात्र त्या गृहस्थांनी सांगितलेलं दिसत नाही. अशा योजना सुरुवातीच्या वर्षांत मोडल्या तर भरलेलेही पुरते परत मिळत नाहीत. उदारपणे निम्मे धरू, म्हणजे 3. तुम्ही 7 धरलेत. खड्डा 4 पगारांचा आणि तुम्ही अर्ध्या पगाराच्या फरकावर झोप घालवताय.

आता पॉलिसीचं. 30 पगार भरून शेवटी 45 मिळणार, असं तुम्ही कागदावरून उतरवलंय. 'दीडपट' ऐकायला गोड लागतं. हिशेब केला तर वर्षाला जेमतेम 5 टक्के. विमा 20 पगारांचा, म्हणजे घरच्यांना दोन वर्षंही पुरणार नाही. ही गुंतवणूक म्हणून विकली, विमा म्हणूनही विकली, आणि धड दोन्ही नाही. विकणाऱ्याचं कमिशन मात्र पहिल्याच वर्षी भरघोस सुटलं असणार.

म्हणून मोडायची का? लग्नासाठी तर नाहीच. आज 3 घेऊन बाहेर पडलात, तर ते 3 आणि पुढचे 12 हप्ते दुसरीकडे गुंतवून 45 गाठायला वर्षाला सुमारे 7 टक्के लागतील. नुकसान आधीच सोसून झालंय, त्यामुळे पुढचा रस्ता मागच्याइतका वाईट नाही. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज मोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती. निर्णय लग्नानंतर, शांतपणे. तोवर साधा मुदत विमा (ठरलेल्या काळात मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या, तो स्वस्त असतो.

मग लग्नाला पैसे कुठून? महिन्याला अर्धा पगार बाजूला काढलात तर चार महिन्यांत 2. राखीव 3 मधला 1 घ्या, 2 ला हात लावू नका. झाले 3. खर्च निम्म्यावर आणावा लागेल, हे घरी आजच बोला. फरक भरायला कर्ज काढायचा विचार मनात आला तर त्याला तिथेच थांबवा.

म्हणजे फुलांना अर्धा पगार. दोघंही परवडत नाहीत! तरी दुसऱ्याकडेच जा, कारण ज्याने यादी लिहून दिली त्याच्याच यादीवर काट मारता येते. ठोक भावातून काय कमी करणार? शिवाय 80 टक्के आगाऊ दिल्यावर तक्रार करायला तुमच्या हातात उरतं काय?

यादीतून पिओनी ही परदेशी फुलं आधी काढा. त्यांचा हंगाम वसंताच्या अखेरीचे काही आठवडे, तुमचं लग्न थंडीतलं. तेव्हा त्या दूरवरून विमानाने येणार आणि भाडं तुम्ही भरणार. कमानीवरच्या हायड्रेंजिया, म्हणजे गुच्छासारखी मोठी फुलं, तीही काढा, पाण्याबाहेर त्या लवकर मान टाकतात. कार्नेशन, शेवंती टिकतात. समारंभाची मोठी सजावट एकाच जागी ठेवा आणि तीच नंतर जेवणाच्या दालनात हलवायला सांगा. हलवायची मजुरी यादीत लिहून घ्या. फुलदाण्या भाड्याने, विकत नाही. ठरलेलं फूल मिळालं नाही तर त्याच्या जागी कोणतं आणि कोणत्या दराने, हे इसार देण्याआधी कागदावर घ्या. ती एक ओळ असल्याशिवाय सही करू नका.