नळी लावलेला चेहरा आणि पावसाची वही

नव्वदीतले आईवडील गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं बसता बसता आधी माफीच मागतात. 'तसं रडण्यासारखं काही नाही मॅडम, वय झालं होतं.' गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ताईही हेच म्हणाल्या. साठीच्या, बँकेतून निवृत्त, इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) त्यांचे वडील, अण्णा, सप्टेंबरात 93व्या वर्षी गेले. भेटायला आलेला जो तो म्हणाला, 'सोनं झालं हो! भरलं घर बघून गेले.' त्या सोन्यापुढे ताईंना रडायला तोंडच उरलं नाही.

काळजी वेगळीच होती. 'अण्णा आठवले की नाकात नळी घातलेला चेहराच समोर येतो. नळी ओढू नये म्हणून हात बांधले होते हो त्यांचे. एवढं आयुष्य जगलेला माणूस, आणि मला शेवटचे आठ महिनेच आठवतात. बाकीचे अण्णा विसरले का मी?' पुण्याच्या भावाने वर्षश्राद्धाला दोन शब्द लिहायला सांगितलं होतं. सात महिने कागद कोराच होता.

ही तक्रार मी फार वेळा ऐकते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी 1990च्या दशकात दाखवलं, की त्रासदायक अनुभवाची आठवण त्यातल्या सर्वात तीव्र क्षणावर आणि शेवटावर बेतते. तो किती वेळ चालला याला मन फारशी किंमत देत नाही. ते प्रयोग काही मिनिटांच्या अनुभवांवर होते, आयुष्यावर नव्हते. पण शुश्रूषा केलेल्या मुलींच्या बाबतीत मला असंच घडताना दिसतं. रात्रीची जागरणं, औषधांच्या वेळा, डॉक्टरांची वाट बघणं, यांत मागचं सगळं झाकून जातं. झाकतं, पुसलं जात नाही. हे मी ताईंना सांगितलं, आणि त्यांना ते पटलं नाही हेही दिसलं.

म्हणून पुढच्या वेळी अण्णांची वापरातली एखादी वस्तू आणायला सांगितलं. फोटो नको म्हटलं. फोटोत माणूस नीट उभा राहतो, वस्तूत त्याचा हात असतो.

त्यांनी फुलझाडं छाटायची कात्री आणली. मूठ सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली, अंगठ्याच्या जागी रबर झिजून गुळगुळीत. कात्री हातात घेऊन त्या बोलायला लागल्या त्या तासभर. इंदूरची गोविंदराम सेकसरिया अभियांत्रिकी संस्था 1952 साली सुरू झाली, अण्णा तिच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. पुढे नोकरी पाणीपुरवठ्यात. नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी उचलून, विंध्याचा घाट चढवून 1978 मध्ये नर्मदा इंदूरला आली, त्या कामावर ते होते. महिनोन्महिने मुक्काम तिकडेच. ताई तेव्हा तेरा वर्षांच्या, कावीळ झालेली, आणि अण्णा घरी आले नाहीत. हे सांगताना आवाज चढला. 'शहराला पाणी पाजलं, पोरीला उसाचा रस द्यायला आले नाहीत.' मी थांबवलं नाही. गेलेल्या माणसावर रागवायला बंदी घातली की त्याच्याबद्दलचं बाकीचंही घशातच अडकतं. राग बोलून झाल्यावर लगेच दुसरं आठवलं: नळाला नर्मदा आली त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना ओळीत बसवून पितळी फुलपात्रातून पाणी दिलं. आधी आजीला, मग तिला.

मग बाग. मागच्या अंगणात दोन खड्डे. पालापाचोळा, हिरवा कचरा, शेण, राख यांचे थर, ठरल्या दिवशी उलटापालट, तीन महिन्यांत खत. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथेच, आपल्या शहरात, 1931 पर्यंत बसवलेली ही पद्धत. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते, याचा अण्णांना घरच्या मुलाने नाव काढावं तसा अभिमान. नातवंडांना सुट्टीत पहिलं काम खड्डा उलटायचं, मग पोहे-जिलबी.

तिसऱ्या भेटीत पावसाची वही आली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, पाऊस मिलीमीटरमध्ये, मोगऱ्याची फुलं, शेरा. पहिल्या पानावर लिहिलेलं, '1 मिमी = दर चौरस मीटरला 1 लिटर.' पानं उलटत गेलो तसं अक्षर थरथरायला लागलं आणि शेवटच्या जूनमध्ये बदललंच. गोल, बँकेतलं अक्षर. ताईंचं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'रोज सकाळी विचारायचे, किती? नळी होती, बोलता यायचं नाही नीट. बोटांनी विचारायचे. मी गच्चीवरून मोजून येऊन सांगायची. जास्त असला की डोळे मिटून घ्यायचे, खूश होऊन. हे कसं विसरले मी?' त्या दिवशी त्या मोकळेपणाने रडल्या.

त्या आठ महिन्यांत नुसती नळी नव्हती, अण्णाही होते. मला तिथे फारसं काही बोलावं लागलं नाही. घरी करायला एकच गोष्ट दिली: लिहायला इस्पितळापासून सुरुवात करायची नाही, नळीचा चेहरा आला तर हाकलायचाही नाही, त्याच्या शेजारी त्या दिवसाचा पाऊस लिहायचा.

इथे एक सांगायलाच हवं. प्रत्येक शोक असा वहीने मोकळा होत नाही. सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच राहिली, रोजचे व्यवहार अडले, जगण्यात अर्थ वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. आणि मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने कसले, आजच फोन करावा.

वर्षश्राद्धाला ताईंनी दीड पान वाचलं. सुरुवात काविळीपासून केली, फुलपात्र मध्ये आलं, शेवटी वही. जेवणं उरकेपर्यंत ती पंगतीतून फिरत होती. दुपारी सर येऊन गेली तेव्हा भाऊ पावसाचं भांडं बघायला गच्चीवर गेला आणि जिन्यातूनच ओरडला, 'ताई, सात! लिही.'